आठ तिकिटं आणि चाकांची बॅग

३ जानेवारी, शुक्रवार. दुपारी.

सगळ्यात आधी आली ती रेडिओ. ओले हात तसेच घेऊन. समोरच्या घरातली शेजारीण ही, खरं नाव वेगळं आहे, पण बंद करायचं बटण नाही म्हणून रेडिओ. मी फोन खाली ठेवते न ठेवते तोच दारात हजर. म्हणे, मावशी, एवढ्या मोठ्याने ओरडलात, कोण गेलं? मी म्हटलं, अगं, गेलं कोणी नाही, जाणार आहे. कोण? मी! मटकन खुर्चीत बसली.

तर झालं असं. नातीचा फोन होता. मुलाची मोठी मुलगी. ती परदेशात, तिचा नवरा तिथे, माझा मुलगा, सून, नातू सगळे तिथे. इथे मी आणि भिंतीवरचं घड्याळ. तर नात म्हणाली, आजी, घरातल्या सगळ्यांची मिळून एक सहल ठरवतेय. आपले ज्यू पूर्वज कसे राहिले, आपली मुळं कुठे आहेत, ते जाऊन बघायचं. हेरिटेज ट्रिप म्हणतात त्याला. आणि म्हणाली, आजी, तुझ्याशिवाय ही ट्रिप होऊच शकत नाही.

आता मुळं कुठे? तिसरी शिकलेल्या बाईलाही कळतं. समुद्रापलीकडे. आमच्या पणजोबांचे पणजोबा गलबतातून इथे उतरले, एका हातात पितळी दिवा, दुसऱ्या हातात पोथी. (मग गलबताची दोरी कोणी धरली, असं मी लग्नानंतर विचारलं होतं तर सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत.) म्हणजे जायचं ते तिकडे.

मी विचारलं, तुझा बाबा असेल ना? म्हणाली, असणार म्हणजे काय, आठ तिकिटं काढतेय.

अकरा वर्षं झाली मुलाला बघून. फोनवर दिसतो, पण त्याला फोन धरता येत नाही. मला नुसतं कपाळ दिसतं. अकरा वर्षांत कपाळ बरंच वाढलंय.

ही वही नातीनेच पाठवली होती, आजी आठवणी लिही म्हणून. आठवणी कसल्या, आता प्रवासवर्णनच लिहिते.

ठराव: कोणाला काही सांगायचं नाही.

५ जानेवारी, रविवार.

सगळ्या गल्लीला कळलं. मी फक्त रेडिओ, पाववाला, शिंपी आणि औषधाच्या दुकानातली मुलगी एवढ्यांनाच सांगितलं होतं. माणसांच्या पोटात काही राहत नाही.

तिकिटं मोजली. नात, नातजावई, मुलगा, सून, नातू. पाच. धाकटे दीर, त्यांना मी भावजी म्हणते, चाळीस वर्षांपूर्वी गेले तिकडे. ते आणि त्यांचे दोघे मुलगे. आठ. मग मी?

पुन्हा मोजली. पुन्हा आठच.

तासभर विचार केला आणि उलगडा झाला. भावजींना जन्मात कुठलीही गाडी वेळेवर मिळालेली नाही. स्वतःच्या लग्नालाही मागून आले. त्यांना सोबत कोण घेईल? त्यांचं वेगळं काढलं असणार. म्हणजे आठवी मी.

९ जानेवारी, गुरुवार.

पासपोर्टच्या ऑफिसात गेले. मोठा हॉल, खुर्च्या एकमेकींना बांधलेल्या, कोणी पळवू नये म्हणून असेल. कारकून चांगला होता, फक्त प्रश्न फार. म्हणे, जन्मतारीख? मी म्हटलं, ज्या वर्षी मोठं वारं सुटून सगळ्यांची कौलं उडाली त्या वर्षी. म्हणे, आजी, तारीख. मी म्हटलं, कौलं उडाल्यावर तीन दिवसांनी. त्याने काहीतरी लिहिलं आणि पाणी प्यायला.

फोटो पाच काढावे लागले. हसायचं नाही म्हणतात. मी तोंड मिटते पण ते आपोआप उघडतं. पाचव्याला फोटोवाला म्हणाला, आजी, काहीतरी दुःखाचं आठवा. मी सासूबाईंना आठवलं. बरा आला.

सही करायला सांगितली. आयुष्यात एवढी महत्त्वाची सही पहिलीच, म्हणून शेवटच्या अक्षराला एक झोकदार शेपूट काढली.

ठराव: रोज पाच इंग्रजी शब्द. आजचे: थँक्यू, सॉरी, विंडो, वॉटर. पाचवा उद्या.

१४ जानेवारी, मंगळवार.

पाचवा शब्द अजून ठरायचाय.

नातीचा फोन. काय काळजी घेते पोर! म्हणे, आजी, तुझ्याकडच्या खाटांची लांबी सांगशील? वरच्या खोलीत पंखा चालतो का? गरम पाणी किती वेळ येतं? मी विचारलं, कशाला गं? म्हणाली, सगळं नीट प्लॅन करायचंय, कोणाची गैरसोय नको.

बघा. मला तिथे परकं वाटू नये म्हणून माझ्या खाटेच्या मापाची खाट शोधतेय. मी टेप घेऊन सगळ्या खाटा मोजून दिल्या. मुलाची जुनी खाट थोडी आखूड आहे म्हटलं. तर म्हणाली, चालेल, बाबा पाय दुमडून झोपेल. तिथेही आखूड खाटेवर झोपतो वाटतं. सुनेला सांगायला पाहिजे.

२० जानेवारी, सोमवार.

बॅग आणली! चाकांची. निळी. आत कप्प्यात कप्पा. बोटाने ढकलली तरी पळते. दुकानदार म्हणाला, आजी, कुठे निघालात? सांगायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून थोडक्यात अर्ध्या तासात सांगितलं.

बॅगेला ओळखीसाठी लाल लोकरीचं फूल विणून बांधलं. विमानतळावर सगळ्या बॅगा सारख्या दिसतात असं रेडिओ म्हणते. रेडिओ कधी विमानतळावर गेली नाही, पण तिला माहीत असतं.

कोट, दोन जाड शाली, मुलासाठी विणलेला स्वेटर. स्वेटर अकरा वर्षांपूर्वी सुरू केला होता, मापासाठी थांबला होता. कपाळावरून अंगाचं माप काढता येत नाही. अंदाजाने पुरा केला.

नवे बूट घालून घरातल्या घरात वीस फेऱ्या मारायच्या असं ठरवलंय. आज चार झाल्या. बूट चावतात. बुटांना माझी सवय व्हायला हवी, त्यांना वेळ दिला पाहिजे.

२४ जानेवारी, शुक्रवार. दिवा लावून आल्यावर.

आमचं प्रार्थनाघर गल्लीच्या टोकाला. सिनेगॉग म्हणतात, पण बाहेरून बघणाऱ्याला गोदाम वाटेल. हे गेल्यापासून किल्ली माझ्याकडे. दर शुक्रवारी संध्याकाळी उघडते, बाकं पुसते, दिवा लावते. पूर्ण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तसा नियमच आहे आमच्यात. उरलेत चार. एक घड्याळवाले, म्हणजे घड्याळं दुरुस्त करतात ते. एक पेन्शनर. आणि दोघे बहिरे भाऊ. चौघे येतात, म्हणता येतं तेवढं म्हणतात, चहा पिऊन जातात. शेवटचे दहा जमले त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा मुलगा इथे होता. तो दहावा होता.

मी मात्र बाकांशेजारच्या दहा खुर्च्या पुसायचं सोडलं नाही. नाहीतर खुर्च्यांना वाटायचं, आपलं कोणी नाही.

नातीने परवा विचारलं, आजी, तिथे पुरुष किती? म्हटलं, चार. ती ओरडलीच, आमचे सहा! म्हणजे दहा होतील, आजी! मी म्हटलं, होतील गं, पण या चौघांना तिकडे आणणार कोण? तेवढ्यात फोन कट झाला.

मग मीच आज घड्याळवाल्यांना सांगितलं, पासपोर्ट काढून ठेवा, तुम्हालाही बोलावलंय. भिंग डोळ्यावरून काढून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, वहिनी, मला वाटतं तीच मंडळी इकडे... मी तिथेच थांबवलं. म्हटलं, विमानाची भीती वाटते तर तसं सांगा. त्यांनी भिंग पुन्हा डोळ्यावर चढवलं. पुरुषांना भीती कबूल करायची लाज वाटते.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

पोलीस चौकशीला आला. पासपोर्टसाठी येतातच. माझी वागणूक कशी आहे ते शेजाऱ्यांना विचारायचं होतं. गेला बिचारा रेडिओकडे. सव्वा तासाने बाहेर आला, टोपी हातात. म्हणाला, आजी, तुमच्याबद्दल मला आता तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे.

इंग्रजी: रेनकोट. पाचवा शब्द मिळाला.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

कबरस्तानात गेले. पणजोबांच्या पणजोबांना सांगायला हवं ना, तुमच्या गावी निघालेय म्हणून. कोपऱ्यात, भिंतीला टेकलेला त्यांचा दगड. वरची अक्षरं हिब्रू, ती काही मला वाचता येत नाहीत. इथे आता वाचणारा कोणीच नाही, घड्याळवाले प्रार्थना म्हणतात ती पाठ. पण माझं लग्न झालं तेव्हा सासऱ्यांनी काठीने दाखवलं होतं, तो बघ, तो आपला मूळ पुरुष. लांबून दाखवलं, आणि मोतीबिंदू होता त्यांना, तरी काठी अगदी सरळ होती.

चौतीस वर्षं दर महिन्याला येते. आमच्या रीतीप्रमाणे दगडावर एक खडा ठेवते आणि सगळं सांगते. विशेषतः सासूबाईंचं. त्या होत्या तोवर मी कोणाला एका शब्दाने बोलले नाही, फक्त यांनाच. फार समजूतदार आहेत. कधी सुनेची बाजू सोडून बोलले नाहीत.

आज एक खडा उचलून बॅगेत टाकला. तिकडच्या मातीत ठेवीन. परत घरी गेल्यासारखं वाटेल त्यांना.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

नातीचा मोठा फोन. म्हणाली, आजी, ठरलं! आम्ही सहा मार्चला सकाळी येतोय. अकरापर्यंत घरी. तू तयार रहा.

घ्यायला येताहेत! मला वाटलं होतं एकटीने विमानात बसावं लागेल. सगळेच्या सगळे घ्यायला येणार. राजाराणीलाही एवढी माणसं घ्यायला येत नसतील. मी विचारलं, बाबा येतोय ना घ्यायला? ती हसली, म्हणाली, हो, बाबा पण येतोय.

हातात होता तो कप ठेवायचा राहिला. अर्धा तास हातातच.

२३ फेब्रुवारी, रविवार.

निरवानिरव. कुंड्या रेडिओला दिल्या. मांजर पाववाल्याला. तसंही तिकडेच असतं दिवसभर. दूध सहा तारखेपासून बंद.

प्रार्थनाघराची किल्ली घड्याळवाल्यांना दिली. दिवा कसा लावायचा, वात केवढी, पुसायचा कपडा कुठला, सगळं तीनदा सांगितलं. म्हणाले, वहिनी, ही किल्ली मी ठेवतो, पण पुढच्या महिन्यातच तुम्ही परत मागाल असं मला वाटतं. मी म्हटलं, तुम्ही लोकांची घड्याळं नीट करा.

मनात म्हटलं, मत्सर. चांगल्या माणसालाही होतो.

१ मार्च, शनिवार. सूर्य मावळल्यावर. (शनिवारी उजेडी मी लिहीत नाही.)

पासपोर्ट अजून नाही. ऑफिसात फोन लागत नाही, लागला तर गाणं वाजतं. गाणं चांगलं आहे. माझ्या अर्जाची खास तपासणी चालू असणार. घाईत दिलेला पासपोर्ट टिकत नाही.

बुटांना अजून माझी सवय झालेली नाही.

६ मार्च, गुरुवार. सकाळी ९.

तयार. नवा कोट. बॅग दाराशी, मी बॅगेवर. बॅगेवर बसलं की ती सरकते, म्हणून पाय रोवून बसलेय. चौकटीवरच्या डबीला हात लावून झाला. आमच्या प्रत्येक दाराच्या चौकटीवर ती तिरकी डबी असते, आत देवाचे शब्द असतात. म्हटलं, घर सांभाळ.

रेडिओ तीनदा येऊन गेली. पासपोर्ट नाही तर जाणार कशा, म्हणते. मी म्हटलं, मुलगा येतोय, तो बघेल. माझा मुलगा लहानपणीही वशिला लावण्यात हुशार होता.

तोच, दुपारी ४.

साडेबाराला दोन टॅक्सी आल्या.

आधी कोण उतरलं? भावजी! जन्मात पहिल्यांदा कुठेतरी पहिले पोचले. मग त्यांचे दोघे मुलगे, मग नात, नातजावई, सून, नातू. सात. मी टॅक्सीत वाकून बघितलं. आत फक्त ड्रायव्हर.

सून पाया पडली आणि म्हणाली, आई, ह्यांचं ऐन वेळी ऑफिसातलं अडलं. तिकीट काढलं होतं. फार वाईट वाटलं त्यांना.

मी म्हटलं, बरं झालं. गर्दीच झाली असती.

मग सामान आत येऊ लागलं. सामान बाहेर जायला हवं होतं, ते आत येत होतं. मला वाटलं, दमलेत, हातपाय धुतील, चहा घेतील, मग निघू. मी पुन्हा बॅगेवर जाऊन बसले. सून वरच्या खोलीत गेली. नातू माझ्या मुलाच्या आखूड खाटेवर आडवा झाला, झोपलासुद्धा. भावजी बनियनवर आले आणि विचारलं, वहिनी, दूध नाही का घरात?

दूध आजपासून बंद.

नात माझ्याशेजारी जमिनीवर बसली. माझ्याकडे बघितलं. कोटाकडे. मग बॅग उघडली. शाली, नवे बूट, स्वेटर, कागदात बांधलेला खडा. लोकरीच्या फुलाला हात लावला. मग हळूच म्हणाली, आजी, कुठे निघाली होतीस?

मी म्हटलं, छे गं. कुठे नाही. बॅगेला हवा देत होते. नवी बॅग बंद राहिली की वास धरते.

ती म्हणाली, आजी, आम्ही इथेच आलोय. मुळं बघायला. तू म्हणजेच...

मी म्हटलं, माहितीये मला! कपडे बदल जा, गरम पाणी वीसच मिनिटं येतं, मी मोजून सांगितलं होतं ना.

पाववाल्याकडून दूध आणलं. मांजर पण परत आलं, न सांगता.

९ मार्च, रविवार. (शुक्रवारचं आज लिहितेय.)

शुक्रवारी सकाळी सगळे कबरस्तानात. मी पुढे, वाटाड्या. नातजावई हिब्रू वाचायला शिकलाय, गोरा आहे पण गुणी. मी म्हटलं, या, हे आपले मूळ पुरुष, गलबतातून उतरले ते. सगळ्यांनी टोप्या नीट केल्या. नातवाने व्हिडिओ सुरू केला. नातजावयाने दगडावरची माती झटकली, बोट फिरवत वाचलं आणि मान वर केली. नातीच्या कानात काही बोलला. नात म्हणाली, आजी, ही बाई आहे.

मी म्हटलं, कोण बाई?

त्याने नवऱ्याचं नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं. भावजी एकदम म्हणाले, अहो, ही तर आमच्या आईची आई!

सासूबाईंची आई. चौतीस वर्षं मी दर महिन्याला त्या बाईपुढे तिच्या पोटच्या मुलीची गाऱ्हाणी मांडत होते. कशी उठता-बसता बोलायची, कसे चहाचे कप मोजायची, सगळं. खडे ठेवून वर!

आता कळलं, कबरस्तानातून आलं की दुसऱ्या दिवशी माझा पाय का मुरगळायचा.

सगळे हसून हसून भिंतीला टेकले. मीही हसले, काय करणार. आधी म्हटलं, मला शंका होतीच, समजूतदारपणा पुरुषाचा वाटत नव्हता. मग वाकून हळूच सांगितलं तिला, बाई, मागचं सगळं मनावर घेऊ नका, तुमच्या मुलीने मला शिवण छान शिकवलं, ते सांगायचं राहिलं होतं.

सगळे दगड वाचून झाले. मूळ पुरुष कुठेच नाही. मी म्हटलं, बघा, इथे नाहीत म्हणजे तिकडेच परत गेले असणार. म्हणजे मी म्हणत होते तेच खरं. त्यांना बघायला तिकडेच जायला हवं. सगळे फाटकाकडे वळले. पटलं असणार.

संध्याकाळी प्रार्थनाघर. घड्याळवाल्यांनी दारातच किल्ली माझ्या हातात ठेवली, एक शब्द न बोलता. हा माणूस भला आहे, मी नेहमीच म्हणते. नातवाने माझे फोटो काढले. किल्लीसह, दिव्यासह, दाराशी, दाराबाहेर. म्हणे, आजी, नॅचरल रहा. पासपोर्टवाला म्हणे हसू नका, हा म्हणे हसा.

मग पुरुष मोजले. आमचे चार, पाहुण्यांचे पाच. नऊ. पेन्शनरांनी पुन्हा मोजले. नऊ. मोठे बहिरे भाऊ मोठ्याने म्हणाले, वहिनीला धरा की, चौतीस वर्षं किल्ली सांभाळतेय! धाकटे बहिरे म्हणाले, काय? ते म्हणाले, वहिनीला धरा! नात म्हणाली, आमच्याकडे बायकांना धरतात. घड्याळवाले खाली बघत राहिले. नियम म्हणजे नियम, त्यांचा काय दोष. जेवढी म्हणता येते तेवढी म्हटली प्रार्थना. पण नऊ गळ्यांचा आवाज बावीस वर्षांनी ऐकला. छतातली कबुतरं उडाली. त्यांना सवय नाही.

दहावी खुर्ची मीच पुसली होती सकाळी. रात्रीपर्यंत तशीच चकचकीत.

दिवा लावताना मी हात पुढे केला. नातीने धरला. वात चांगली पेटली.

११ मार्च, मंगळवार.

आज गेले सगळे. पाच दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सून जाताना म्हणाली, आई, असं वाटतं पुन्हा लग्न होऊन या घरात यावं. मी म्हटलं, ये, पण या वेळी आखूड खाट बदलून घे.

त्यांचं सामान वाढलं होतं. नातीला जुने फोटो हवे, सासूबाईंचा शिवणाचा डबा हवा, नातवाला फुटकी फरशी हवी होती प्रार्थनाघराच्या पायरीची. कशात मावेना. मीच म्हटलं, ती निळी बॅग घ्या. नात नको नको म्हणत होती. मी म्हटलं, घे गं, पडूनच आहे. शाली आणि बूट काढून घेतले, स्वेटर तसाच ठेवला, तुझ्या बाबाला दे म्हणून. खडा मात्र राहू दिला.

टॅक्सीच्या डिकीत सगळ्यात वर ती. वळणावर लाल फूल दिसलं. मग नाही दिसलं.

तर माझी बॅग परदेशात गेली. एका अर्थी सुरुवात झाली म्हणायची.

मुलाच्या तिकिटाची खुर्ची येतानाही रिकामी होती, जातानाही रिकामीच जाणार. पासपोर्ट असता तर बसले असते. बूट मात्र चावले असते.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी.

रेडिओ कुंड्या परत देऊन गेली. दोन जास्तच आहेत, माझ्या नाहीत, पण ती म्हणते तुमच्याच. मावशी, ट्रिप कॅन्सल झाली ना? मी म्हटलं, कॅन्सल नाही, मीच पुढे ढकलली. घरात पाहुणे असताना कुठे जाणार?

पासपोर्टचं पत्र आलं. अर्जावरची सही आणि जुन्या कागदावरची सही जुळत नाही म्हणतात. शेपटाचा घोळ. नव्याने करायची. ठराव: या वेळी शेपूट नाही. किंवा छोटी.

मुलाचा फोन आला. स्वेटर घातला होता त्याने! बाह्या आखूड, पोटावर ताणलेला, पण घातला होता. या वेळी फोन नीट धरला होता, पूर्ण तोंड दिसलं. बापावर गेलाय. डोळ्यांखाली काळं झालंय, झोपत नाही वाटतं. मला म्हणाला, आई, तू बॅग भरून बसली होतीस? मी म्हटलं, हवा देत होते. फोन हळूहळू वर गेला, पुन्हा कपाळच दिसायला लागलं. कपाळ थोडा वेळ हललं.

मग म्हणाला, आई, मी नोव्हेंबरात येतो. काल तिकीट काढलं. तुझी बॅग घेऊनच येतो. सगळे येणार आहेत माझ्याबरोबर. खुर्ची पुसून ठेव.

मी म्हटलं, बघते बाबा. पासपोर्टचं चाललंय माझं, त्या सुमारास मी बाहेरगावी असण्याचा संभव आहे. पण नसले तर असेन.

कॅलेंडरवर गोल केला आहे. वहीतही लिहून ठेवते, कॅलेंडर मांजर ओरबाडतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.